झाकली पाठ सव्वा लाखाची

दिवाळीत अनारसे हसले की घरात रडारड होते, हे वाचक भगिनींना सांगायला नको. गेल्या दिवाळीत ते आमच्या घरी हसले. तीन दिवस तांदूळ भिजवले, रोजचे पाणी रोज बदलले, कुटून चाळून गुळात कालवले, पीठ पाच दिवस मुरत ठेवले. आणि पहिलाच अनारसा तुपात पडला तो जाळी धरण्याऐवजी कढईभर पसरला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. शेजारी पाटावर बसून खसखस निवडणारी माझी धाकटी जाऊ तेवढ्यात शांतपणे म्हणाली, "मी काल म्हटलंच होतं, पीठ सैल वाटतंय म्हणून."

तिने म्हटले होते हे अगदी खरे. जाता जाता, दाराशी क्षणभर थांबून, सासूबाईंच्या कानांवर पडेल इतक्याच आवाजात म्हटले होते. मूठभर तांदळाची पिठी आणखी घातली असती तर सारे निभावले असते, आणि पिठीचा डबा तिच्या हाताशीच होता. पण पिठी घालणे म्हणजे अनारशांच्या बऱ्यावाईटात वाटेकरी होणे, आणि नुसते म्हणून ठेवणे म्हणजे त्या वाट्यातून अंग काढून घेणे. राहिलेल्या पिठात मग तिनेच पिठी मळली आणि ते अनारसे उत्तम झाले, हेही मी इथे नोंदवून ठेवते. हा अंक तिच्याही हाती पडणार आहे.

ह्या 'म्हणून ठेवण्या'ला इंग्रजीत एक रोखठोक नाव आहे, हे मला त्याच दिवाळीत कळले. माझा भाचा पुण्याला एका संगणकाच्या कंपनीत आहे. फराळाला आला तोच मांडीवर लॅपटॉप घेऊन. मी म्हटले, "काय रे, सणासुदीला तरी मिटव ते."

"एवढं एक ईमेल टाकून ठेवतो गं मावशी. आमचं काम ठरल्या तारखेला होत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या कुणी विचारलं तर आपण आधी सांगितलं होतं, एवढं दिसलं पाहिजे."

"मग ते ठरल्या तारखेला व्हावं म्हणून काय करतो आहेस?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्याला चकलीला किती वेढे असतात ते विचारले होते. म्हणाला, "तसं नसतं ते. ह्याला आमच्यात सी. वाय. ए. म्हणतात." ही कसली अक्षरे म्हणून मी विचारले, तर पहिल्या दोन शब्दांचा अर्थ त्याने लगेच सांगितला, 'आपले झाका', आणि काय झाका, त्या तिसऱ्या शब्दापाशी एवढा तीस वर्षांचा घोडा लाजेने लाल झाला. सणाच्या अंकात मीही तो शब्द छापायला देणार नाही. पाठीच्या खालचा, बसण्याच्या कामी येणारा जो भाग, तो. आपण सोयीसाठी त्याला पाठच म्हणू.

हा वाक्प्रचार अमेरिकन. तिथल्या सैन्यातल्या रांगड्या बोलीतून तो वर आला, व्हिएतनामच्या युद्धाच्या काळात चांगला रुळला, आणि मग तीन अक्षरांचा सभ्य अंगरखा चढवून वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांतून हिंडू लागला. विल्यम सफायर ह्या भाषेवर लिहिणाऱ्या नामांकित पत्रकाराने राजकीय शब्दांच्या आपल्या कोशात त्याला जागा दिली. अर्थ एवढाच, की पुढे आपल्यावर ठपका येण्याचा संभव दिसला, तर तो यायच्या आधीच जबाबदारी दुसरीकडे वळवून ठेवावी.

'आधीच' ह्या शब्दावर मी अडले. आपल्या भाषेत ह्या जातीचे वाक्प्रचार काही थोडे नाहीत. हात झटकणे आहे, काखा वर करणे आहे, खापर फोडणे आहे, नामानिराळे राहणे आहे, वड्याचे तेल वांग्यावर काढणे आहे. पण जरा नीट पाहा. ह्यांतले बहुतेक सारे घटना घडून गेल्यानंतरचे आहेत. मडके आधी फुटते, मग खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचे ते ठरते. आपल्या पूर्वजांना लबाडी ठाऊक नव्हती असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण मडके फुटणार हे दिसत असताना, ते सावरायचे सोडून, फुटल्यावर दाखवायची पावती आधी करून ठेवावी, ही युक्ती त्यांना सुचलेली दिसत नाही. तिला कचेरी लागते, आवक-जावक लागते, पोच लागते. आज आपल्याकडे हे सारे आहे, आणि त्या अमेरिकन वाक्प्रचाराला मराठी नाव नसले तरी मराठी संसार मात्र त्याने कधीच थाटला आहे.

आमच्या शाळेचेच सांगते. सहलीला जाण्याआधी पालकांच्या सहीसाठी घरी चिठ्ठी जाते. तिच्यात एक वाक्य हटकून असते: 'सहलीत काही अनुचित प्रकार घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' वर्षानुवर्षे हे वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि मुलांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलाच्याच हाताने आम्ही लिहून घेतो, की तुला काही झाले तर आम्ही तुझे कोणी नव्हे. आणि आई-बाप सही करतात. न करून सांगतात कोणाला?

पण चिठ्ठी लिहून घेणाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला पोचत नाही. का, ते सांगायला मन धजत नव्हते. पण ह्या विषयावर लिहायचे तर ते सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

काही वर्षांमागे मी एका जुन्या कौलारू इमारतीतल्या शाळेत होते. सातवीचा वर्ग मागच्या बाजूला. पावसाळ्याच्या तोंडी माझ्या लक्षात आले, की खिडकीकडच्या एका वाशाला वाळवी लागली आहे आणि तो मधोमध झुकला आहे. मी त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहिला. अक्षर चांगले, भाषा चांगली (कादंबऱ्या लिहिणारी बाई, अर्जातसुद्धा वाक्ये कशी घोटीव!), आणि खाली ठळकपणे: 'अन्यथा दुर्घटना घडण्याचा संभव आहे.' दोन प्रती काढल्या. एक दिली, दुसरीवर आवक क्रमांक आणि सही घेतली, आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. त्या रात्री मला शांत झोप लागली. वासा होता तिथेच होता. त्याच्याखाली बसणारी मुले होती तिथेच होती. हलले होते ते फक्त माझ्या मनावरचे ओझे.

तेविसाव्या दिवशी, मधली सुट्टी संपून तास सुरू झाला असताना, वासा मोडला आणि आठ-दहा कौले खाली आली. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा हात मोडला. सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. डोक्यावर पडले असते तर, हा विचार त्यानंतर मी कितीदा केला आणि कितीदा अर्धवट सोडला, ते माझे मला ठाऊक.

चौकशी झाली. मी माझी प्रत पुढे केली. मुख्याध्यापकांनी आपण संस्थेला लिहिलेल्या पत्राची प्रत पुढे केली. संस्थेने कंत्राटदाराला लिहिलेले पत्र दाखवले. कंत्राटदाराकडेही कागद होता: पावसाळ्यात कौले उतरवता येत नाहीत, असे त्याने आधीच लेखी कळवले होते. प्रत्येकाची पाठ झाकलेली. उघडी होती ती एकट्या आमच्या शिपाईमामांची. त्यांच्याकडे कागद नव्हता, कारण त्यांनी काही लिहिले नव्हते. त्यांनी एक बांबू आणून त्या वाशाला टेकू दिला होता. तो टेकू होता म्हणूनच वासा इतके दिवस तगला, असे माझे आजही मत आहे. चौकशीचे मत निराळे पडले. परवानगीवाचून इमारतीच्या बांधणीत फेरफार केला, म्हणून मामांची एक वेतनवाढ रोखण्यात आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. आणि सोडलेल्या चोरांत मी एक होते.

शिक्षकांच्या खोलीत मला सगळे म्हणाले, "बरं झालं बाई, तुम्ही लेखी दिलं होतं!" खरोखरच बरे झाले होते, माझे. सातवीचा वर्ग उचलून मी सभागृहात नेऊ शकले असते. सभागृह दुपारचे रिकामेच असे. पण परवानगीवाचून वर्ग हलवला असता आणि उद्या तिथे कोणी पायरीवरून पडले असते, तर ते माझ्या अंगावर आले असते. मामांनी टेकू लावला. मी अर्ज लावला.

आता कोणी म्हणेल, बाई, ही तुमच्या मनाची हळवी टोचणी झाली. लेखी देण्यात वाईट ते काय? उलट लिहूनच द्यावे, तोंडी सांगितलेले हवेत जाते. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच एक दूरची, पण माझ्या पेशाशी फार जवळची गोष्ट सांगते.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून 'चॅलेंजर' नावाचे अवकाशयान उडाले आणि ७३ सेकंदांत आकाशात त्याच्या चिंधड्या झाल्या. आत सात माणसे होती. त्यांतली एक क्रिस्टा मॅकॉलिफ, न्यू हॅम्पशायरमधल्या काँकॉर्ड गावची शिक्षिका. ११,००० हून अधिक शिक्षकांच्या अर्जांतून निवडलेली. ती अवकाशातून धडा शिकवणार होती. तिच्या शाळेची मुले दूरदर्शनच्या पडद्यापुढे बसून ते उड्डाण पाहत होती. ते दृश्य डोळ्यांपुढे आणले की शिक्षक म्हणून माझ्या घशात आजही आवंढा येतो.

यानाला उचलणाऱ्या मोठ्या अग्निबाणांच्या सांध्यांत रबराची कडी बसवलेली होती. थंडीत रबर ताठरते, सांधा पुरता बंद होत नाही आणि आतला जळता वायू बाहेर फुटतो. ही गोष्ट अपघातानंतर कळली असे नव्हे. अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीतला रॉजर बोजोली हा अभियंता ३१ जुलै १९८५ लाच आपल्या वरिष्ठांना लिहून चुकला होता, की हे दुरुस्त केले नाही तर यान आणि माणसे आपण गमावू, ही माझी प्रामाणिक भीती आहे. त्याचा सहकारी बॉब एबलिंग ह्याने ऑक्टोबरमध्ये धाडलेल्या टिपणाचा तर पहिला शब्दच 'वाचवा' अशा अर्थाचा होता. सांधा धोक्याचा आहे हे नासाच्या दप्तरातही होते. धोका मिटेपर्यंत उड्डाण नाही, असा निर्बंध कागदावर घातलेला होता आणि प्रत्येक उड्डाणाआधी तो कागदावरच शिथिल केला जात होता.

उड्डाणाच्या आदल्या रात्री कडाक्याची थंडी पडणार असे दिसताच त्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरच्या बैठकीत निक्षून सांगितले, की ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. कंपनीने आपसांत बोलण्यासाठी पाच मिनिटे मागून घेतली. ती अर्ध्या तासावर गेली. त्या अर्ध्या तासात अभियांत्रिकीच्या प्रमुखाला त्याच्या वरिष्ठाने सुचवले, की आता अभियंत्याची टोपी उतरवा आणि व्यवस्थापकाची घाला. टोपी बदलली. मग नासाने काय मागितले? सही. उड्डाणाला आमची हरकत नाही, असे लिहून, सही करून पाठवा. कंपनीचा जो माणूस उड्डाणस्थळी हजर होता, ॲलन मॅकडॉनल्ड, त्याने सही करायचे साफ नाकारले. तेव्हा दूर युटाहमधल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने सही करून कागद फॅक्सने पाठवला. सकाळी यान सुटले तेव्हा हवा ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे अवघी दोन अंश सेल्सिअस होती. आणि उड्डाणाचा अखेरचा निर्णय घेणाऱ्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांना रात्रीच्या ह्या वादाचा पत्ताही नव्हता, असे चौकशी आयोगात निघाले. कागद वर पोचला होता. वाद खालीच राहिला होता.

ह्या गोष्टीत कागद दोन जातींचे आहेत. बोजोलीचा कागद आणि त्या सहीचा कागद. दोन्ही लेखी, दोन्ही तारीखवार, दोन्ही दप्तरात. पण बोजोलीने लिहिले ते ज्याच्या हाती उड्डाण थांबवणे होते त्याला. आणि सही मागवली गेली ती उद्याच्या चौकशीला दाखवायला. पत्रावर नाव कोणाचेही असो, ते खरोखर कोणाला लिहिले आहे हे पाहावे. माझ्या त्या अर्जावर मुख्याध्यापकांचे नाव होते, पण मनातून मी तो चौकशी समितीला लिहिला होता, समिती नेमली जाण्याच्या कितीतरी आधी.

बॉब एबलिंगची गोष्ट इथेच संपत नाही. त्याच्याजवळ आपल्या टिपणाची प्रत होती. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्याला कोणीही म्हणाले असते, 'बरं झालं, तुम्ही लेखी दिलं होतं!' पण तो माणूस तीस वर्षे स्वतःलाच दोष देत राहिला. आपण आणखी जोराने का ओरडलो नाही, आपल्या जागी देवाने दुसरा कोणी हुशार माणूस का निवडला नाही, असे तो जानेवारी २०१६ मध्ये एका नभोवाणीच्या मुलाखतीत म्हणाला. ते ऐकून अनोळखी श्रोत्यांनी त्याला धीराची पत्रे लिहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, तो वारला. त्याच्या दप्तरात पाठ झाकणारा कागद होता, आणि त्याने तो कधी पांघरला नाही.

माझे खरे भांडण आता सांगते. पाठ झाकण्याच्या ह्या चालीने माणसे भित्री होतात, कामे अडतात, कागदाचे ढीग वाढतात, हे सारे नेहमीचे आरोप आहेत. ते करायला मला वेगळा लेख लिहायचे कारण नव्हते. तिचा मोठा गुन्हा दुसराच आहे. ती खऱ्या इशाऱ्याची किंमत घालवते. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्या गोष्टीतला पोरगा गंमत म्हणून ओरडत असे. आता अशी कल्पना करा, की गावातला प्रत्येक गुराखी रोज संध्याकाळी, उद्या आपल्याला कोणी बोल लावू नये म्हणून, 'लांडगा येण्याचा संभव आहे' असे ओरडून घरी जातो. ह्यात खोटे काहीच नाही, संभव तर रोजच असतो. पण ज्या दिवशी एखाद्याला लांडग्याचे डोळे खरोखर दिसतील, त्या दिवशी त्याने वेगळे कसे ओरडावे?

ही माझी कल्पना अगदीच हवेतली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेच्या हेरखात्याने राष्ट्राध्यक्ष बुश ह्यांच्यापुढे एक टिपण ठेवले. बिन लादेन अमेरिकेच्या भूमीवर घाव घालण्याच्या निश्चयाने आहे, अशा मथळ्याचे ते टिपण पुढे प्रसिद्ध झाले आहे. रॉन सस्किंड ह्या पत्रकाराने २००६ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात सांगितले आहे, की टेक्सासमधल्या घरी ते ऐकून घेतल्यावर बुश त्या अधिकाऱ्याला म्हणाले, तुमची पाठ आता झाकली गेली; फक्त त्यांनी तो तिसरा शब्द वापरला. छत्तीस दिवसांनी न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे कोसळले आणि सुमारे तीन हजार माणसे गेली. त्या टिपणावरून हल्ला टाळता आला असता की नाही, हे मला ठरवता येणार नाही. पण राष्ट्राचा इशारा राष्ट्राच्या प्रमुखाच्या कानी पडावा, आणि त्याला त्यात इशारा ऐकू न येता सांगणाऱ्याची स्वतःचीच सोय ऐकू यावी, हे जर खरे असेल, तर एकट्या बुशना दोष देऊन भागत नाही. असले शेकडो कागद ज्याच्या टेबलावरून रोज जातात, त्याचा कान असाच होणार.

आता एक बाजू मी प्रांजळपणे मांडली पाहिजे. एस.टी.चा वाहक, दवाखान्यातली परिचारिका, तलाठ्याच्या हाताखालचा कोतवाल ह्यांनी आपली पाठ झाकली तर त्यांना मी एका शब्दाने बोलणार नाही. पाणी उताराकडे जाते तसा आपल्याकडे ठपका खाली जातो. आमच्या मामांकडे गेला तसा. ज्याच्या हाती काही करण्याची सत्ता नाही, त्याच्याजवळ कागद तरी असू द्यावा. डॉक्टरांचेही मला पुष्कळसे समजते. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या, जोखमीच्या शाखांत काम करणाऱ्या ८२४ डॉक्टरांना विचारून २००५ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. शंभरांतल्या ९३ जणांनी कबूल केले, की आपण खटल्याच्या भीतीने रोग्याच्या गरजेपलीकडच्या तपासण्या करतो किंवा अवघड रोगी टाळतो. माणूस दगावला तर कोर्टात आणि कधी दवाखान्यातच मार, ही भीती आपल्याकडच्या डॉक्टरांनाही आहे. तेव्हा ठपका ठेवायला टपून बसलेले आपण सारे ह्यात निर्दोष आहोत असे कोणी समजू नये. मुलाला मार्क कमी पडले तर बाईंनी आधी कळवले का नाही, असे विचारणारे पालक मला रोज भेटतात. आणि कळवले तर ती चिठ्ठी न वाचता दप्तरात परत येते.

माझा राग आहे तो ज्यांच्या हाताशी पिठीचा डबा आहे त्यांच्यावर. आणि त्यांची भाषा ओळखायला सोपी आहे, कारण तिला कर्ता नसतो. मी मराठी शिकवते. प्रयोग शिकवताना मुलांना सांगते, आधी कर्ता शोधा. पण परिपत्रक हाती आले की माझाच शोध थांबतो. 'कळविण्यात येते की', 'दक्षता घेण्यात यावी', 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' कोण कळवतो? कोणी घ्यायची दक्षता? कार्यवाही करणारा माईचा लाल कोण? सारे आपोआप होते, पाऊस पडावा तसे. मुलांची भाषाही हीच असते: "बाई, काच फुटली." फरक इतकाच, की मुलाकडे जरा रोखून पाहिले तर ते म्हणते, "बाई, माझ्याकडून फुटली," आणि आणखी जरा पाहिले तर, "मी फोडली." परिपत्रकाकडे कितीही रोखून पाहा, ते काही बोलत नाही.

ह्या बाबतीत व्याकरणाचा जो उत्तम धडा मला ठाऊक आहे, तो एका सेनापतीच्या हातचा आहे. ५ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवण्याच्या आदल्या दिवशी, जनरल आयझेनहॉवर ह्यांनी एका कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीने चार वाक्ये लिहिली. स्वारी फसली तर जाहीर करायचा मजकूर. घाईत म्हणा की मनाच्या ओढाताणीत म्हणा, तारीखही चुकली. जूनच्या जागी जुलै पडला. आधी त्यांनी लिहिले होते, की सैन्य माघारी घेण्यात आले आहे. मग ते खोडून लिहिले, सैन्य मी मागे घेतले आहे. 'ही मोहीम' असे शब्द होते, ते खोडून 'हल्ल्याचा माझा निर्णय' असे केले. आणि शेवटी, काही दोष असेल तर तो एकट्या माझा. स्वारी यशस्वी झाली. काही आठवड्यांनी तो कागद त्यांच्या पाकिटात सापडला. ते टाकूनच देणार होते. त्यांच्या एका सहायकाने मागून घेतला म्हणून तो आज कॅन्ससमधल्या त्यांच्या ग्रंथालयात पाहायला मिळतो. हाही कागद घटनेच्या आधीच लिहिलेला होता, पावती म्हणून खिशात ठेवलेला. सी. वाय. ए. ज्या सैन्यात जन्मले, त्याच सैन्यातला.

मामा दोन वर्षांमागे निवृत्त झाले. त्यांची रोखलेली वेतनवाढ परत मिळावी म्हणून मी एक अर्ज लिहून दिला होता. ह्या खेपेला त्यात मी असे लिहिले, की वासा झुकला आहे हे मला ठाऊक होते, सभागृह रिकामे होते, आणि वर्ग मी हलवला नाही. त्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. 'विचार करण्यात येत आहे' एवढेच आले आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमची सहल हर्णैच्या समुद्रकाठी जायची आहे. पालकांच्या चिठ्ठीचा मसुदा यंदा माझ्याकडे आला. मी लिहिले: मुलांबरोबर चार शिक्षक आहेत आणि त्यांची प्रमुख मी आहे, ओहोटीच्या वेळी कोणालाही पाण्यात उतरू देणार नाही, भरतीलासुद्धा गुडघ्यापलीकडे नाही, पोहता येणारा एक स्थानिक कोळी आम्ही बरोबर घेत आहोत, मुलाला दम्याचा, फेफऱ्याचा त्रास असल्यास कृपया मला सांगावे, मी त्याला जवळ ठेवीन. खाली माझे नाव आणि दूरध्वनी क्रमांक. मुख्याध्यापकांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, "बाई, बाकी सगळं छान आहे, पण खालचं ते नेहमीचं वाक्य राहिलंय."

मी म्हटले, "राहिलं नाही सर. मी काढलंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला, चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि सुट्टीनंतर बघू म्हणाले.